निळा म्हणजे आकडा

दुपारी तीनलाच दिवस मिटतो इथे, ओउलूत.
जानेवारी. खिडकीत माझाच चेहरा,
आणि त्याच्या पलीकडे समुद्र असल्याची नुसती समजूत.

समुद्र गोठला की बेटापर्यंत रस्ता होतो.
बर्फात भोकं पाडून चोवीस काठ्या रोवल्यात आम्ही.
दर तासाला प्रत्येक काठी आपल्यापाशची जाडी कळवते
आणि आमचा प्रोग्राम ठरवतो :
दुधाचा टँकर जाऊ द्यायचा, की मागे फिरवायचा.

आठवडाभर काहीतरी बिनसलं होतं.
काय, ते कुणाला सांगता येईना.
रायली, रस्त्यावरचा भुसभुशीत बर्फ सारणारी,
फोनवर म्हणाली,
"तुमचं यंत्र हो म्हणतंय. माझे पाय नाही म्हणतायत."
आणि फोन ठेवला. ती तेवढंच बोलते.

मी प्रोग्रामला म्हटलं, पोटात काय आहे ते छापून दाखव.
त्यानं छापलं.
एक ओळ. एकच.
कंसात कंस, त्या कंसात कंस, मुंग्यांसारखे स्वल्पविराम,
पडद्याच्या काठावर आपटून खाली, पुन्हा खाली,
जसं कुणी अख्खं कपाट चादरीत बांधून
दारात आणून टाकावं
आणि म्हणावं, घे, तुझा हरवलेला मोजा यातच आहे.

मग मूळ काम बाजूला ठेवून
(यात माझा हात कुणी धरणार नाही)
रात्री एक फंक्शन लिहिलं, चाळीसेक ओळींचं.
प्रत्येक कंसाला नवी ओळ.
आतल्याला दोन घरं आत सरकवायचं,
त्याच्या आतल्याला चार.
आणि रंग.
एस्केप, चौकोनी कंस, एकतीस, एम :
एवढं पुटपुटलं की पडदा तांबडा.
शेवटी शून्य म्हणायला विसरलं
तर तांबडा ओघळतच राहतो
पुढच्या ओळीवर, तिच्या पुढच्या,
पहाटे दोनला माझं स्वतःचं नावसुद्धा तांबडं.

आकडे तांबडे, अक्षरं हिरवी.
सकाळी ताउनो कॉफी घेऊन मागे उभा राहिला.
बराच वेळ बघून म्हणाला,
"छान आहे. सगळं एकाच शेवाळी रंगाचं."

अकरा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसतो हा माणूस.
जंगलातली लिंगनबेरी पिकली की नाही
ते चिमटीत दाबून ठरवतो, हेही मी पाहिलंय.
एकतीसचे चौतीस केले, बत्तीसचे तेहतीस.
आकडे निळे. अक्षरं पिवळी.
"आता?"
"आता दिसतंय," तो म्हणाला, आणि वाचायला लागला.
मी मोजे वाळत घातले हीटरवर.

"ही आठ पिवळी का?"

त्याचं तेलकट बोट पडद्यावर.
सोळा काठ्यांची जाडी निळी.
सतरापासून पुढे, शरदात नव्या आणलेल्या काठ्या,
त्यांची जाडी पिवळी, त्यांची मर्यादाही पिवळी.
आकडेच होते ते. पण अवतरणचिन्हांत.
माणसाला नऊ, यंत्राला नुसतं एक अक्षर,
आणि अक्षरं यंत्र शब्दकोशासारखी लावतं,
पहिलं पाहून.
पंचवीसची सुरुवात दोननं.
नऊ दोनच्या पुढे.
म्हणजे नऊ मोठा. म्हणजे जाऊ द्या टँकर.

नऊ सेंटिमीटर.
ताउनोनं काही न बोलता
अंगठा आणि तर्जनी ताणून हवेत तेवढं अंतर धरलं.

मी रायलीला फोन लावला. रस्ता बंद कर.
"परवाच केलाय," ती म्हणाली.
मागे तिचं कुत्रं भुंकत होतं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. ती केली.
काम झालं की छापायची ओळ काढून टाकायची असते,
तसा नियमच आहे आमच्यात, मीच लिहिलेला.
काढली नाही.
दर तासाला चोवीस ओळी उतरतात पडद्यावर,
निळ्या, निळ्या, निळ्या,
आणि ताउनोच्या बोटाचा डाग त्यांच्यावरून सरकत नाही.